ताडपत्री काढली? आधी टाकीचा तळ बघा

नारळी पौर्णिमा झाली, कोळीवाड्यातल्या होड्या बाहेर पडायला लागल्या की हौशी बोटमालकांचेही हात शिवशिवतात. मेअखेरीस ताडपत्रीखाली गेलेली सोळा-बावीस फुटी फायबर बोट, मागे 60 ते 115 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड. चावी फिरवली, इंजिन लागलं, म्हणजे बोट तयार असं धरलं जातं. पण जेटीजवळ हळू चालणारं इंजिन पेट्रोल पितं घोटभर. खरी मागणी होते खाडीच्या तोंडाशी, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर. म्हणून बंद पडायचं तर ते तिथंच पडतं. आणि बहुतेक वेळा इंजिनात काहीच बिघडलेलं नसतं. पेट्रोलची, हवेची, पाण्याची किंवा विजेची वाट कुठेतरी तुंबलेली असते.

पेट्रोलपासून सुरुवात करा. पंपावर मिळणारं साधं पेट्रोल आता ई-20, म्हणजे 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत कमाल 10 टक्के लिहिलेलं असतं. तुमच्या इंजिनाचा आकडा पुस्तिकेत पाहून घ्या. गाडीत पेट्रोल आठवड्या-दोन आठवड्यांत संपतं, बोटीत ते अख्खा पावसाळा पडून राहतं. इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरलेला असतो तो वेगळाच. फुटलेलं पेट्रोल कुठल्याही बाटलीतल्या औषधाने पुन्हा एकजीव होत नाही. व्हेंटमधून, म्हणजे टाकीत हवा जाण्याच्या भोकातून, येणाऱ्या दमट हवेला लोक दोष देतात. खरं पाणी शिरतं ते डेकवरच्या भरणीच्या झाकणातून. त्या झाकणाचं ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, उन्हाने कडक होतं आणि डेकवर साचलेलं पावसाचं पाणी थेंब-थेंब आत जातं. ओ-रिंग दरवर्षी बदला.

तपासणी सोपी आहे. मागची बाजू खाली राहील अशी ट्रेलरवर बोट कलती करून तासभर ठेवा. हातपंपाची नळी टाकीच्या तळाला टेकवून अर्धा लिटर पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि पंधरा मिनिटं हलवू नका. एकसारखं, स्वच्छ दिसलं तर ठीक. मध्ये आडवी रेघ दिसली, किंवा सगळंच दुधाळ दिसलं, तर टाकी पूर्ण रिकामी करायची. वरचं वापरू आणि खालचं टाकू हा हिशेब चालत नाही. हे काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळात बसून राहते. सुटी टाकी भरायची तर ती बोटीतून उतरवून जमिनीवर ठेवून भरा.

इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये पाणी अडवणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर नसेल तर यंदा बसवाच. असेल तर जुन्या फिल्टरमधलं पेट्रोलही बाटलीत ओतून बघा आणि नवा लावा. एक जादा फिल्टर व तो सोडवायचा पट्टा-पाना बोटीतच हवा. नंतर प्रायमर बल्ब, म्हणजे पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा, दाबा. चार-सहा दाबांत तो घट्ट व्हायला आणि घट्टच राहायला पाहिजे. पुन्हा मऊ पडला तर झडप गेली आहे किंवा जोड कुठेतरी गळतो. रबरी नळी वाकवून बघा. भेगा दिसल्या किंवा हाताला चिकट लागली तर बदला.

आता एक अस्सल इकडचा त्रास: कुंभारीण. मातीचं घर बांधणारी ही माशी पावसाळ्यात कोरडं भोक शोधते आणि बोटीवर तिला दोन हमखास सापडतात. एक टाकीचा व्हेंट, दुसरं इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार जिथून बाहेर पडते ते भोक. व्हेंट बंद झाला की टाकीत हवा शिरत नाही. इंजिन हळू चालताना काही कळत नाही, वेग वाढवला की दहा मिनिटांत ते धापा टाकतं आणि बल्ब चपटा पडतो. भरणीचं झाकण जरा सैल केल्यावर ‘सुस्स’ आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर व्हेंटच तुंबलेला आहे हे नक्की. दोन्ही भोकांत पातळ नायलॉनची तार घालून साफ करा आणि पुढच्या मेमध्ये व्हेंटवर बारीक जाळी लावून ठेवा.

धारेचं भोक स्वच्छ असूनही धार बारीक असेल तर दोष इम्पेलरचा, म्हणजे थंड करणारं पाणी वर ढकलणाऱ्या चक्राचा. लोअर युनिटमधलं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पंख्याकडच्या भागातलं, हे रबरी चक्र पावसाळाभर एकाच स्थितीत राहून त्याची पाती वाकून बसतात. शिवाय आपल्या खाड्यांचा गाळ त्यांना सॅंडपेपरसारखा घासतो. दरवर्षी बदललेलं बरं. जुनं काढल्यावर पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर त्याचा तुकडा शोधायलाच हवा. तो वरच्या वाटेत, पुष्कळदा थर्मोस्टॅटपाशी अडकलेला असतो आणि नवा इम्पेलर असूनही इंजिन गरम करून सोडतो. नवं बसवताना साबणाचं पाणी लावून शाफ्ट फिरायच्या दिशेनेच फिरवत आत घाला. जमिनीवर इंजिन लावायचं तर नळाचे रबरी कप बसवून, पाणी सोडून, न्यूट्रलमध्येच. कोरडं चालवलं तर अर्ध्या मिनिटातही नवा इम्पेलर जळू शकतो.

लोअर युनिट हाताशी आहे तर गिअर ऑइलही बघा. आधी खालचा स्क्रू, मग वरचा. तेल दुधाळ निघालं तर शाफ्टचं सील गेलंय, आणि कारण बहुधा पंख्यामागे गुंडाळलेली नायलॉनची दोरी. नवं तेल खालून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, वॉशर नवे. अॅनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा धातूचा तुकडा, अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर बदला. खाऱ्या पाण्याला झिंक किंवा अॅल्युमिनियम, धरणाच्या गोड्या पाण्याला मॅग्नेशियम. त्याला रंग फासू नका, मग तो कामच करत नाही.

विजेचं थोडक्यात: रात्रभर सोडलेल्या बॅटरीचे टोकावरचे व्होल्ट 12.6 हवेत, 12.2 म्हणजे अर्धी. वायरीतलं तांबं कलई केलेलं हवं. साध्या गाडीच्या वायरी दोन पावसाळ्यांत आतून हिरव्या पडतात.

बिल्ज पंपाबद्दल, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाबद्दल, मात्र थांबून बोलावं लागेल, कारण त्याच्यावर नको इतका विश्वास टाकला जातो. पाण्याखाली एक फुटावरचं एक इंची भोक मिनिटाला 50 लिटरच्या आसपास पाणी आत घेतं. खोक्यावर ताशी 1,100 गॅलन लिहिलेला पंप कागदावर मिनिटाला जवळपास 70 लिटर फेकतो. पण वळ्या पडलेली नळी, मीटरभर चढ आणि थकलेली बॅटरी यात तो निम्म्यावर येतो. म्हणजे पंप वेळ मिळवून देतो, बोट वाचवत नाही. नळी आतून गुळगुळीत घ्या. पाणी चढताच पंप चालू करणारा फ्लोट स्विच फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडा, म्हणजे मुख्य स्विच बंद असतानाही तो चालेल. चाचणी बोट जमिनीवर असतानाच घ्या: बादलीभर पाणी ओता, स्विच आपोआप उठला पाहिजे. आणि मागच्या फळीतलं बुच इंजिनाच्या चावीला बांधून ठेवा. बुच विसरलेली बोट रॅम्पवरून सरकताच पाणी घ्यायला लागते.

किल कॉर्ड, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी, चालकाच्या मांडीला किंवा जॅकेटला अडकवायची, स्टिअरिंगला नाही. इंजिन चालू असताना ओढून बघा. बंद पडलं नाही तर बोट सोडू नका. दुसरी कॉर्ड दुसऱ्या माणसाकडे द्या, कारण चालकच पाण्यात पडला तर पहिली त्याच्यासोबत गेलेली असते. हवा भरणारं 150 न्यूटनचं जॅकेट घेतलं असेल तर सिलिंडर हाताने घट्ट करा आणि त्याचं वजन वर छापलेल्या आकड्याशी ताडून बघा. पाणी लागताच फुगवणारी गोळी मुदत संपल्यावर, आणि दमट कपाटात त्याआधीही, विरघळते. मग जॅकेट घरीच फुगतं. नारिंगी फोमची जॅकेटं दिसायला ओबडधोबड, पण त्यांना काही बिघडायला नसतं. पाहुण्यांसाठी तीच ठेवा, मुलांसाठी मांड्यांतून जाणारा पट्टा असलेली. पावडरचं 2 किलोचं अग्निशामक चालकाच्या हाताशी असू द्या, इंजिनाजवळ नको, आणि महिन्यातून एकदा उलटं करून हलवा. पावडर गच्च बसते.

नांगराची दोरी सरोवरातल्या हिशेबाने घेतलेली असते आणि मग ओहोटीला टाकलेला नांगर भरतीला सुटतो. मुंबईजवळ उधाणाला पाणी चार ते पाच मीटर चढतं. म्हणजे ओहोटीला 3 मीटर, वर 4.5 मीटर भरती, आणि पाण्यापासून नाळेपर्यंत (बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत) 1 मीटर, एकूण 8.5. त्याच्या पाचपट म्हणजे 42.5 मीटर दोरी, शांत हवेत. वारा असेल तर सातपट. शिवाय नांगराला बोटीच्या लांबीइतकी साखळी.

पहिली फेरी कुटुंबाला घेऊन नको. दोघंच जा, आणि लाँच व फेरीच्या मार्गापासून दूर. 18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला धडकलेली नौदलाची स्पीडबोट इंजिनाच्या चाचणीवर होती. व्हीएचएफ रेडिओ चॅनल 16 वर ठेवा. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर 1554 फोनमध्ये साठवा, फोन जलरोधक पिशवीत ठेवा, आणि त्यावर अक्षांश-रेखांश कसे वाचायचे ते दुसऱ्यालाही दाखवून ठेवा. दहा मिनिटं हळू, दहा मिनिटं 3,000 आरपीएमवर, मग दोन मिनिटं पूर्ण थ्रॉटल. पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आरपीएम चढले नाहीत तर बोटीच्या पोटाला शेवाळ-शंख आहेत, पंखा चुकीचा आहे किंवा पेट्रोल अजून अडतंय. पेट्रोलचा हिशेब तिहाईचा: एक भाग जायला, एक यायला, एक शिल्लक.

खाडीच्या तोंडावरची रेती पावसाळ्यात जागा बदलते, त्यामुळे जीपीएसवरची गेल्या वर्षीची रेघ विसरा. यंदा वाट कुठून आहे ते जेटीवरच्या तांडेलाला विचारा. पहिल्यांदा बाहेर पडाल ते चढत्या पाण्यावर, निम्मी भरती झाल्यावर. टेकलीच तर थोड्या वेळात पाणीच बोट उचलतं.