नरवाई आणि दोन रुपये शेकडा

बँकेत शेतीकर्जाचं काम करते. पाहणीला बाहेर पडणं हा त्यातला बरा भाग. बाकी सगळं खसरा (जमिनीचा सरकारी उतारा), पावती आणि शिक्के. 2025च्या एप्रिलमध्ये देपालपूरकडची एक फाईल आली. अर्जदार इंदूरला रामबागेत राहणारे निवृत्त काका. जमीन आजोबांपासूनची, कसतो बटाईदार, निम्म्या वाट्यानं. ट्रॅक्टर होताच, कर्ज हवं होतं सुपर सीडरला. कंबाईननं गहू कापला की शेतात ताठ खुंट उरतात, ती नरवाई. बहुतेक जण ती पेटवून देतात. हे यंत्र ती बारीक करून मातीत मिसळतं आणि त्याच फेरीत पेरतं.

काकांनी हिशेब टाईप करून आणला होता. यंत्र पावणेतीन लाखांचं, त्यावर सरकारी अनुदान. एप्रिलात मूग, नोव्हेंबरात गहू, दोन्ही हंगामांत गावात एकरी दोन हजारानं भाड्यावर चालवायचं. दोन वर्षांत कर्ज फिटतं. "अहो मॅडम, यात तोटा कुठे आहे ते दाखवा मला," म्हणाले. कागदावर खरंच दिसत नव्हता. "शिवाय कार्बन क्रेडिटही मिळेल म्हणतात." म्हणजे हवेत कार्बन कमी सोडल्याबद्दल मिळणारे पैसे.

शेतावर पोचलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळे पट्टे पसरले होते. ज्या शहरात अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञानं 1924 पासून काडीकचऱ्याचं खत करायची पद्धत बसवली आणि जी पुढे जगभर इंदूरच्याच नावानं ओळखली गेली, त्याच्या वेशीवरची ही राख! असो.

बटाईदाराला विचारलं, असं मशीन भाड्यानं मिळालं तर घ्याल का? तो बोटांवर मोजू लागला. पेटवलं तर माती भुसभुशीत करायला रोटाव्हेटरची एक फेरी, मग पेरणीचं सीड ड्रिल, मिळून एकरी सतराशे-अठराशे. मशीनचे दोन हजार. फरक दोन-तीनशेचा. मी मनातल्या मनात फाईल मंजूरही करून टाकली. मग त्यानं विचारलं, पैसे कधी द्यायचे? रोटाव्हेटरवाला मूग विकल्यावर घेतो. काकांच्या कागदात भाडं पेरणीच्या दिवशी रोख होतं, कारण बँकेचा हप्ता. रोख आणायची तर सावकाराकडून, दोन रुपये शेकडा, म्हणजे वर्षाला 24 टक्के. किसान क्रेडिट कार्डावर 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला 4 टक्क्यांनी पडतं, पण व्यवहारात त्यासाठी खसऱ्यात नाव लागतं. नाव काकांचं, घाम याचा. माती सुधारते त्याचं काय, असं मी म्हटलं, तर तो हसला. "मिट्टी सुधरेगी तो मालिक की सुधरेगी." बटाई दरसाल तोंडी ठरते, पुढच्या साली तो इथं असेलच असं नाही.

त्याची बायको इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, नोव्हेंबरात मशीन कुठेही चालवा, विहिरीकडच्या पट्टीत नाही. तो खायचा गहू. तिथून वर्षाची कोठी भरते. शेजारच्या गावात कुणाच्या तरी शेतात पहिल्या साली बी नीट पडलं नव्हतं, ओळी रिकाम्या राहिल्या होत्या, हे तिनं पाहिलं होतं. काकांचा हिशेब सरासरी उताऱ्यावर चालला होता. एका साली तीन पोती कमी, पुढच्या साली चार जास्त, हे त्यांना परवडतं. तिला त्या एका सालात गहू विकत आणावा लागतो, तोही बाजारभावानं. आमच्या पाहणीच्या फॉर्ममध्ये यासाठी रकाना नाही.

परतताना गाडीत कार्बनचंही गणित करून बघितलं. एकरी दहा लिटर डिझेल वाचलं असं सढळ हातानं धरलं, तर सुमारे 27 किलो कार्बन डायऑक्साइड वाचला. आता काड कुजताना जिवाणू जमिनीतला नत्र ओढून घेतात, पीक पिवळं पडतं आणि माणूस 266 रुपये 50 पैशांची युरियाची गोणी फोडतो. 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो नत्र. त्यातला 1 टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपानं उडतो असा ढोबळ दर धरतात, आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. म्हणजे एका गोणीमागे साधारण 89 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच. डिझेलमधली सगळी बचत गेली आणि वर दुप्पट आणखी चढलं. मूग आपला नत्र आपणच मिळवतो, त्याला ती गोणी लागत नाही. पण पिवळं पान बघून हात आवरणं सोपं नसतं.

मी शिफारस केली, पण पहिल्या वर्षाचं भाड्याचं उत्पन्न निम्मं धरलं, हप्ते माल विकण्याच्या महिन्यांत बसवले आणि भाडं उधारीवर द्यावं असं सुचवलं. काका वैतागले. "मी काय सावकारी करू का आता?"

त्याच महिन्याच्या अखेरीस राज्य सरकारनं जाहीर केलं की 1 मेपासून नरवाई जाळणाऱ्याला किसान कल्याण योजनेचे पैसे नाहीत आणि हमीभावानं खरेदीही नाही. पाच एकरांपेक्षा जास्त जमीन असणाऱ्याला 15,000 रुपये दंड आधीपासून होता. तो भरलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. हे मात्र लागलं. त्या साली 2,425 हमीभाव आणि 175 बोनस धरून गव्हाला 2,600 रुपये क्विंटल मिळत होते, आणि खरेदीचं पंजीयन, म्हणजे नोंदणी, काकांच्या नावावर होतं. काडी कुणीही लावो, बंद होणार काकांचं. त्यांचा फोन आला: निम्मं भाडं माझ्या वाट्यातून, उरलेलं माल विकल्यावर. तेवढं घाला कागदात.

अनुदानाच्या पोर्टलवर नंबर लागेपर्यंत मुगाचा हंगाम उलटला. त्या सालची नरवाई जळायची ती जळून गेली होती. नोव्हेंबरात मशीननं गहू पेरला, विहिरीकडची पट्टी सोडून. ती त्यानं रोटाव्हेटर फिरवून जुन्या पद्धतीनंच पेरली. पाहणी अहवालात मी ती वेगळी दाखवली, तर मॅनेजरांनी कारण विचारलं. शेऱ्यात लिहिलं, घरी खायचा गहू. अहवाल तसाच पुढे गेला.