सड्यावरची दोन काकणं

सावंतवाडीहून कदंबा बसने पणजी, तिथे गाडी बदलून वास्को. झुआरीच्या नव्या पुलासाठी मुद्दाम खिडकी धरली होती, नेमकी तिथेच डुलकी लागली.

मामाकडे पोचले तर दारात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंक-पोंक भोंगा. मामाने काकणं घेतली. बांगडीच्या आकाराचा हा कडक पाव चहात बुडवल्याशिवाय दाताला दाद देत नाही. उरलेली दोन मामाने पिशवीत टाकली आणि आम्ही सड्यावर गेलो.

ध्रुवीय संशोधन केंद्र बाहेरूनच पाहिलं. खाली मुरगाव बंदरात जहाजं उभी. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली. मामा बराच नंतर गेला, मैत्री तळावर जनरेटर सांभाळायला.

"रात्री डिझेल बघायला बाहेर पडलो की कधीकधी आकाशात ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा पडदा हलायचा," म्हणाला. मग कठड्यावर काकण ठेवून मधल्या भोकात बोट टेकवलं. "हा चुंबकीय ध्रुव. प्रकाश त्याच्याभोवती, असा कड्यासारखा. आम्हाला दिसायचा एवढाच." आणि एक तुकडा मोडून तोंडात टाकला. अख्खं कडं एका नजरेत दिसायला वरूनच बघावं लागतं. डायनॅमिक्स एक्स्प्लोरर-१ उपग्रहाने तशी चित्रं पाठवायला सुरुवात केली, तेही १९८१ सालीच.

"पण रोज का नाही दिसायचा?"

"सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा भारित कणांचा झोत, येताना चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो. त्याचं तोंड दक्षिणेला असलं की ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेला असलं की दार बहुतेक बंद. बॅटऱ्या जोडताना प्लस-मायनस बघतेस ना, तसं!" उपमा शास्त्रज्ञांना चालेल का कोण जाणे, मला चालली. ही दिशा आता आपलं आदित्य-एल१ यानसुद्धा मोजतं, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर बसून. तिथून सौरवारा साधारण तासाभरात इथे पोचतो.

मग दुसरं काकण पहिल्यावर, पण जरा तिरकं. हे उत्तरेचं. २००१ मध्ये पोलर आणि इमेज या उपग्रहांनी दोन्ही ध्रुवांकडे एकाच वेळी पाहिलं, तर कडी हुबेहूब जुळेनात. सौरवाऱ्यातल्या क्षेत्राचा पूर्व-पश्चिम कल त्यांना उलटसुलट बाजूंना सरकवतो.

मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेतूनही लाल झळाळी दिसली. लाल प्रकाश दोनशे किलोमीटरच्या वर उमटतो, म्हणून इतक्या दुरून क्षितिजावर दिसला. "आणि मी इथे पंख्याखाली घामाघूम!" मामाला ते अजून सलतंय.

घरी आलो तर वीज गेलेली. मामाने आधी आकाशाकडे पाहिलं, मग इन्व्हर्टरकडे गेला.