स्मोकर, झड आणि आरसीसीबी: ट्रिप किती मिनिटांनी झाली ते पाहा

आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की वीज तोडणारा स्विच, एकदाचा टिकला. पाच दिवस झड लागलेली, मिठाच्या बरणीलाही पाणी सुटलेलं, आणि तरी सहाव्या दिवशी सकाळी कोठी, म्हणजे मांसाला धूर देणारा घरचा स्मोकर, सुरू केली तेव्हा साडेतीन तास बटण वरच राहिलं. पावसात आरसीसीबी का पडतो (ट्रिप होतो), या ज्या प्रश्नापाशी मागच्या तीन नोंदी अडल्या होत्या, तो सुटला.

सेटअप तोच आहे: स्टेनलेस स्टीलची धान्यकोठी, तळाशी ८०० वॅटचा यू आकाराचा ट्यूब एलिमेंट (हीटर), पीआयडी (तापमान राखणारा कंट्रोलर), एसएसआर (एलिमेंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक रिले) आणि घरातून येणाऱ्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. शोध लांबला तो एका चुकीमुळे. दोन वेगळे बिघाड एकच समजले गेले. दोन्हींत आरसीसीबीच पडतो, पण एकात चालू करताक्षणी पडतो आणि दुसऱ्यात पस्तीस-चाळीस मिनिटांनी. तुमचा स्मोकर पावसात ट्रिप होत असेल तर पक्कड हातात घेण्याआधी घड्याळ पाहा.

आधी तत्काळ पडणाऱ्याचं. ट्यूब एलिमेंटमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. कोरडी असेल तर उत्तम इन्सुलेशन, पण ही पूड ओल ओढते. एलिमेंट तापून थंड झाला की आतली हवा आकसते आणि टोकाच्या सीलमध्ये जरा जरी फट असेल तर बाहेरची दमट हवा आत शिरते. झडीत चार-पाच दिवस बंद राहिलेला एलिमेंट असा आतून ओलावतो. मग पुडीतून करंट नळीत, नळीतून कोठीच्या पत्र्यात आणि अर्थिंगमधून जमिनीत. २३० व्होल्टवर ३० मिलिअँपिअर गळायला गळतीचा रोध साडेसात किलोओहमच्या आसपास उतरला की पुरे, आणि बरेच आरसीसीबी त्याच्याही आधी पडतात.

मल्टिमीटरवर इथे विसंबू नका. त्याचा दाब अवघा काही व्होल्टचा. आपल्या एलिमेंटवर त्याने २ मेगोहम दाखवले, म्हणजे सगळं ठीक. त्याच एलिमेंटवर ५०० व्होल्टचा मेगर (जास्त दाबावर इन्सुलेशन मोजणारं मीटर) फिरवला तर काटा शून्याजवळच. मेगर विकत घ्यायची गरज नाही. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तो असतोच, आणि असं दुकान तालुक्याच्या गावी बहुधा सापडतं. पाण्यातून काढलेल्या पंपाच्या मोटरी त्यांच्या हाताखालून रोज जातात, त्यामुळे ओलीने इन्सुलेशन बसतं हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. एलिमेंट सुटा काढून न्या, दोन्ही टर्मिनल एकत्र बांधा आणि नळीशी मोजून मागा. १ मेगोहमच्या खाली आलं तर वाळवणं आलंच.

एलिमेंट ओटीजीमध्ये १३० अंशांवर पाच तास ठेवला. मेगर २० मेगोहमच्या वर गेला. इथे मागच्या वेळी एक गोष्ट राहिली होती. सील जागच्या जागी केलं नाही, आणि आठवड्यात पूड पुन्हा ओली. या वेळी एलिमेंट कोमट असतानाच दोन्ही टोकांना जास्त तापमानाचं सिलिकॉन भरलं आणि एक दिवस हात लावला नाही. ऑनलाइन आलेल्या एलिमेंटची टोकं मुळात उघडीच होती, नुसत्या चिनी मातीच्या टोप्या बसवलेल्या. स्वस्त एलिमेंट घ्यायचा असेल तर घ्या, पण पावसाळ्याआधी ही टोकं स्वतः भरा.

“आरसीसीबी पंधरा मिनिटं बायपास करा, एलिमेंट तापून आपोआप वाळतो” असा सल्ला अनेकदा मिळतो. तो वाळतो हे खरं. पण त्या पंधरा मिनिटांत ओल्या जमिनीवर उभी असलेली पत्र्याची कोठी करंट सोडत असते आणि तिचं झाकण माणूस हाताने उघडतो. अर्थिंगची पिन काढून टाकणं तर त्याहून वाईट. दोन्ही कधीच करू नका.

एक तपासणी अजून. पीआयडी बंद, हीटर थंड, तरीही आरसीसीबी पडत असेल तर सॉकेटमध्ये टेस्टर लावून पाहा. फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले बरेच बोर्ड गावात आढळतात. मग एसएसआर न्यूट्रलवर बसतो आणि एलिमेंट बंद असतानाही फेजवर राहतो. शिवाय एसएसआर पूर्ण तोडत नाही, बंद असतानाही थोडा करंट सोडतो. म्हणून दोन्ही तारा तोडणारा डीपी स्विच आता एसएसआरच्या आधी बसवला आहे.

आता चाळीस मिनिटांनी पडणारा. हा जास्त छळवादी, कारण रिकामी कोठी दोन तास चालवली तर पडतच नव्हता. कोंबडी टांगली की पडायचा. मांसातून वाफ निघते, धुरात मिसळते, वर जाते आणि पावसाने थंडगार झालेल्या झाकणाला व चिमणीला लागून पाणी होते. ते काळं पाणी भिंतीवरून ओघळत तळाशी येतं. त्यात धुरातलं आम्ल असतं, राख असते, आणि मांस मिठाच्या पाण्यात मुरवलेलं असल्याने मीठही असतं. विजेला यापेक्षा चांगली वाट कोणती? आपल्या कोठीत तो ओघळ थेट टर्मिनलच्या भोकावर येत होता. भोकाभोवतीचा तपकिरी चट्टा दोन महिने डोळ्यांसमोर होता, त्याला धुराचा डाग समजून सोडून दिलं होतं.

यावर तीन कामं केली. टर्मिनल पत्र्यापासून २५ मिमी बाहेर काढून वेगळ्या डब्यात घेतले आणि डब्याचं केबल ग्लँड खालच्या बाजूला ठेवलं. भोकाच्या वर आतून स्टीलची एल पट्टी तिरपी लावली, आता ओघळ बाजूला वळतो. आणि चिमणीला बाहेरून रॉकवूल (उष्णता धरून ठेवणारी दगडी लोकर) गुंडाळून वर पत्रा चढवला. चिमणी गरम राहिली की वाफ तिच्यात थिजत नाही. फक्त रॉकवूल उघडं ठेवू नका, भिजलं की त्याचा काही उपयोग नाही. चिमणीचं झाकण पूर्ण उघडं. धूर वाया जाईल या भीतीने ते अर्धं बंद ठेवणं हीच कोठीच्या झाकणावर पाणी साचण्याची सुरुवात.

वायरीला झोल द्या. सॉकेटकडे जाणारी केबल आधी सॉकेटच्या खाली उतरून मग वर चढली पाहिजे, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी टपकून जातं. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर किंवा विटेवर नको, खांबाला छातीच्या उंचीवर हवा. आयपी ४४ चा इंडस्ट्रियल सॉकेट घेतला असेल तरी झाकण लावलेलं असलं किंवा प्लग पूर्ण बसलेला असला तरच तो शिंतोडे अडवतो. आणि ढग गडगडायला लागले की प्लग काढा.

पावसात कोठी नीट तापत नाही म्हणून मागच्या नोंदीत केलेला १२०० वॅटच्या एलिमेंटचा बेत रद्द. कारण हिशोब मांडल्यावर वेगळंच निघालं. १ लिटर पाण्याची वाफ करायला साधारण २२५७ किलोज्यूल लागतात. म्हणजे कोठीच्या गरम अंगावरून तासाला १ लिटर पाऊस वाळत असेल तर सव्वासहाशे वॅट तिथेच गेले. ८०० वॅटच्या एलिमेंटकडे मग उरतं काय? त्यात संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं तर तोच एलिमेंट ४९० वॅटचा होतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. मोठा एलिमेंट घेऊनही हे दोन्ही तोटे राहतातच. पाऊस अंगावर पडूच न देणं स्वस्त आहे.

म्हणून चार बल्ल्यांवर टिनाचं छप्पर: कोठीच्या झाकणापासून १ मीटर वर, उतार वाऱ्याच्या दिशेने, चारही बाजूंना ६० सेंमी बाहेर आलेलं. एका बाजूला अर्धी ताटी, बाकी तीन बाजू मोकळ्या. ताडपत्री गुंडाळू नका, आणि पाऊस चुकवायला कोठी ओसरीत किंवा बंद पडवीत तर मुळीच नेऊ नका. धुमसणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. छप्पर झाल्यावर ११० अंश गाठायला लागणारा वेळ पाऊस असतानाही जवळपास उन्हाळ्याइतकाच आला. पाण्याच्या ताटात आता पाणी नाही. हवेतच एवढी ओल आहे. तिथे कोरडी वाळू भरून वर फॉइल लावली आहे, त्यामुळे झाकण उघडल्यावर तापमान फारसं उतरत नाही.

लाकूड संत्र्याचंच. बहाराआधी बागेत सल काढतात, ते वाळकं लाकूड या कामाला फार सुंदर: गोडसर, हलका धूर. पण बुंध्याकडचं घेऊ नका, तिथे बोर्डो पेस्ट लावलेली असते आणि तिच्यात मोरचूद. मनगटाएवढ्या फांद्या घ्या, साल काढा. कडुनिंब कडवट, साग तेलकट, दोन्ही टाळा.

झडीत हेच लाकूड ओल धरतं आणि पांढरा, आंबट धूर देतं. चिप्स तव्यावर मंद आचेवर हलवत वाळवून वजन करायची आणि दहा मिनिटांच्या अंतराने दोन वजनं सारखी आली की थांबायचं, अशी पद्धत चालू होती. हे लिहितानाच सोपी वाट सुचली. एलिमेंट दमट होऊ नये म्हणून बंद कोठीत पोल्ट्रीच्या ब्रूडरचा ६० वॅटचा फिलामेंट बल्ब लावून ठेवतो, चिनी मातीच्या होल्डरमध्ये, त्याच आरसीसीबीमागे. (एलईडी नको, त्याला ऊब नाही.) तीच ऊब चिप्सना का नको? वरच्या जाळीवर ताट, बल्बपासून किमान ३० सेंमी दूर. या आठवड्यात वजनं टिपून पाहतो.

कोंबडीचं थोडक्यात. १ लिटर पाण्याला ६० ग्रॅम मीठ, रात्रभर फ्रीजमध्ये. झडीत कातडी पंख्याखाली वाळत नाही, म्हणून धूर न लावता ६० अंशांवर चिमणी उघडी ठेवून अर्धा तास. बोटाला चिकट लागली की चिप्स. मग ११० ते १२० अंश, मांडीत ७४ येईपर्यंत. कातडी चामट राहतेच, शेवटी निखाऱ्यावर तीन मिनिटं. वीज गेली तर घड्याळ लावा: मांसाच्या आतलं तापमान ५ ते ६० अंशांच्या मध्ये चार तासांहून जास्त राहता कामा नये. त्याआधी वीज आली नाही तर सरळ चुलीवर शिजवा.

कोल्ड स्मोकिंग पावसाळ्यात नाही. हवाच पंचवीसच्या वर, ओल अशी, मासा धुराआधी खराब होतो. मामा (माजी मालगुजारी) तलावाची मरळ हॉट स्मोकच करायची आहे, तीही थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) वायर बदलून. काचधाग्याच्या वेष्टणाची वायर भिजली की आकडे हवेत जातात, म्हणून स्टीलच्या नळीतला प्रोब मागवला आहे.