खेळाचे नाव कानाने तपासावे

गेली दोन वर्षे मी एक छोटा व्हिडिओ गेम एकटीने तयार करते आहे आणि या काळात त्याचे नाव दोनदा बदलले आहे. पहिले नाव 'सावली' होते. मंद दिव्याने पडणाऱ्या सावल्यांवरून वाट शोधण्याचा हा खेळ असल्यामुळे ते मला अगदी चपखल वाटत होते. परंतु गेमच्या ऑनलाइन स्टोअरवर हा शब्द आणि त्याचा इंग्रजी प्रतिशब्द शोधून पाहिला, तेव्हा इतके खेळ समोर आले की त्या गर्दीत माझा खेळ कोणाला सापडला नसता. नाव सुंदर असणे आणि ते आपले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळले.

'टेट्रिस' हे नाव मला म्हणूनच फार मोलाचे वाटते. वरून पडणारे तुकडे रचण्याच्या या खेळाचे निर्माते अलेक्सी पाजित्नोव यांनी ग्रीक भाषेतील 'चार' या अर्थाचा 'टेट्रा' आणि स्वतःच्या आवडीचा टेनिस हा खेळ यांची सांगड घालून ते घडवले. त्यातील प्रत्येक तुकडा चार चौकोनांचा असतो, हे ठाऊक नसलेल्यालाही नाव लक्षात राहते आणि दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत होत नाही. 'माइनक्राफ्ट'ची गोष्ट त्याहून बोधक आहे. 2009 मध्ये त्याच्या अगदी सुरुवातीच्या आवृत्तीला नुसते 'केव्ह गेम' म्हटले जात होते. त्या नावातून फक्त गुहा कळते. नंतरच्या नावातून मात्र खेळणारा काय करणार, म्हणजे खणणार आणि घडवणार, हे दोन शब्दांच्या जोडातच सांगून होते. खेळ हा पाहण्यापेक्षा करण्याचा प्रकार असल्यामुळे त्याच्या नावात क्रियापदाचे बळ असावे, असे माझे ठाम मत आहे.

नाव लोकांच्या हाती गेल्यावर त्याचे काय होईल, याचाही विचार करावा लागतो. जपानमध्ये 1980 साली 'पक मॅन' या नावाने आलेला खेळ अमेरिकेत 'पॅक-मॅन' झाला, कारण यंत्रावरील पहिले अक्षर 'पी' थोडे खरवडून 'एफ' केले तरी त्याचा इंग्रजी अपशब्द झाला असता. कायद्याची अडचण तर कोणालाही चुकत नाही. 'नो मॅन्स स्काय'च्या निर्मात्यांना केवळ 'स्काय' या शब्दामुळे एका मोठ्या प्रसारण कंपनीशी सुमारे तीन वर्षे वाद घालावा लागला आणि तो 2016 मध्ये मिटला. 'बायोहॅझर्ड'ला अमेरिकेत 'रेसिडेंट ईव्हिल' हे नाव घ्यावे लागले, तेही मूळ नावाची तिथे नोंदणी होण्यात अडचण असल्यामुळेच. हे दुसरे नाव मला अजूनही ओबडधोबड वाटते. खेळ उत्तम होता म्हणून ते रुळले. एकट्याने काम करणाऱ्याने मात्र अशा भरवशावर राहू नये.

माझे दुसरे नाव 'काजळवाट' होते. ते मी पाच मित्रमैत्रिणींना फोनवर एकदाच सांगितले आणि दुसऱ्या दिवशी रोमन लिपीत टाइप करून पाठवायला सांगितले. 'वाट'मधील 'व'साठी कोणी व्ही लिहिला, कोणी डब्ल्यू. कोणी एक ए, कोणी दोन. पाच जणांकडून चार वेगवेगळी स्पेलिंग आली. ऐकलेले नाव शोधताना माणूस जे टाइप करील त्यातून खेळ सापडत नसेल, तर त्या नावाचा अर्थ कितीही गहिरा असला तरी उपयोग नाही, हे मान्य करून मी ते जड मनाने सोडून दिले.

आताचे नाव 'मिणमिण' आहे. त्यात दिव्याचा मंद उजेड आहे, उच्चारायला ते सोपे आहे आणि पाचही जणांनी ते एकसारखेच लिहिले. ट्रेडमार्कच्या नोंदी तपासणे तेवढे अजून बाकी आहे. त्यात काही आडवे आले नाही, तर याच आठवड्यात नावाची अक्षरे रेखाटायला घेईन.