बालेवाडीतला एक दिवस

आज भाचीची धावण्याची स्पर्धा होती म्हणून पहाटेच बालेवाडी गाठली. तिच्या छातीवर नंबर लावताना माझ्याच बोटात सेफ्टी पिन घुसली. ती शांत, माझेच हात थरथरत होते!

तिची शर्यत चारशे मीटरची, म्हणजे मिनिटभराचा खेळ. बाकी अख्खा दिवस वाट बघण्यात गेला. गॅलरीत बसल्या बसल्या डोक्यात १९९४ घोळत होतं. हे क्रीडासंकुल उभं राहिलं तेच मुळी त्या वर्षीच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी. यजमान आपणच आणि पदकतक्त्यात पहिलेही आपणच. त्या वेळी बालेवाडी म्हणजे पुण्याबाहेरचं गाव. 'एवढ्या लांब कोण जाणार?' असं घरोघरी म्हणायचे. आता पार्किंग मिळवणं हीच स्पर्धा.

पुन्हा पहिला नंबर यायला मात्र २०२३ उजाडलं. गोव्यात ८० सुवर्णांसह २२८ पदकं आली. मधली २९ वर्षं कुठे गेली, हे कुणीतरी विचारायला हवं. यजमान राज्य पंधरवडाभर मिरवतं, ठीक आहे. पण खरा हिशोब पाहुणे गेल्यावर सुरू होतो. ट्रॅक कोण राखतं, सकाळी सहाला गेट उघडतं का?

आज तरी उघडलं होतं. भाची सहावी आली. बूट काढता काढता म्हणाली, "मामा, शेवटच्या वळणावर पाय जड झाले रे." मग माझ्या डब्यातली पोळीभाजीही तिनेच संपवली.