आमची वाटचाल : आवकेचा शिक्का आणि सही

वाशीला सेक्टर १७ मध्ये आमचं डीटीपी आणि बाइंडिंगचं दुकान होतं. कॉलेजची ब्लॅकबुकं बांधायची, लग्नपत्रिका लावायच्या. मेहुणा जुहूला एका हँगरमध्ये टेक्निकल रेकॉर्ड्स सांभाळायचा. त्याने एका छोट्या हेलिकॉप्टर कंपनीचं ऑपरेशन्स मॅन्युअल, म्हणजे उड्डाणाचं काम कसं करायचं त्याची नियमपुस्तिका, टाइप करायला आणलं आणि आम्ही या धंद्यात शिरलो. टायपिंगपेक्षा रिव्हिजन सांभाळण्यात जास्त पैसा आहे, हे लवकरच कळलं. एक पान बदललं की चालू पानांची यादीही बदलते.

दुसऱ्या वर्षी आपटलो. एका ग्राहकाची दोन कामं आम्ही एकाच पत्राखाली डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे, पाठवली : ऑपरेशन्स मॅन्युअलच्या काही सुधारणा आणि एमईएलचं एक पान. एमईएल म्हणजे कोणतं उपकरण बंद असताना किती दिवस उडता येतं त्याची यादी. त्यातल्या ‘बी’ वर्गाच्या उपकरणाला ३ दिवस, ‘सी’ला १०. पत्रात मी झोकात लिहिलं, ‘स्वीकृतीसाठी सादर’. आवकेचा शिक्का मिळाला, आक्षेप काही आला नाही. ग्राहकाने सगळी पानं फाइलला लावली. पुढच्या तपासणीत इन्स्पेक्टरने एमईएलच्या पानावर बोट ठेवून विचारलं, “यावर सही कुठंय?”

मंजुरी आणि स्वीकृती यांतला फरक आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या, सहाव्या परिशिष्टात (अ‍ॅनेक्स ६) स्वच्छ लिहिलाय, मी तो वाचलाच नव्हता. मंजुरी म्हणजे नियामकाने तपासून, नियमात बसतं असं ठरवून, सही किंवा पत्र द्यायचं. स्वीकृतीला उत्तर यायलाच हवं असं नाही. ठरलेल्या मुदतीत नाकारलं नाही तर ते स्वीकारलं असं धरता येतं. ऑपरेशन्स मॅन्युअलला स्वीकृती चालते, त्यातल्या काही भागांना मात्र मंजुरीच लागते. एमईएलला तर लागतेच. सिडकोत फाइल दाखल केली म्हणून कोणी मजला चढवत नाही, हे नवी मुंबईत राहून मला कळायला हवं होतं.

जुनं पान परत लावलं, ग्राहकाचं त्या महिन्याचं बिल आम्ही सोडलं. त्याने बोलणी मात्र सोडली नाहीत.

आता पत्रं दोन जातात, फाइलीही दोन, गुलाबी आणि हिरवी. आमचे जुने कंपोझिटर काका कामाला हात लावण्याआधीच विचारतात, “शेठ, ही सहीची की आवकेची?” सहीचं पान सही आल्याशिवाय आम्ही छापत नाही. गेल्या महिन्यात एक ग्राहक यावरून चिडला आणि काम दुसरीकडे घेऊन गेला. अजून परत आलेला नाही.