चेपणीवरचा गोटा

चेपणीची तोरं, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कोवळ्या कैऱ्या, घालताना वर दाबायला दगड हवा असतो. गोव्यात पावलोपावली चिरा, म्हणजे जांभा दगड, आहे, पण बरणीत चिऱ्याचा तुकडा कुणी ठेवत नाही. तो भोकाळ, खारं पाणी पिणारा, वर तांबडा भुगा सोडणारा. तिथे लागतो न्हंयचा, म्हणजे नदीचा, गोटा. काळा असो नाहीतर पांढरी गारगोटी, हाताला कोपरा लागता कामा नये.

असेच गोटे मंगळावर सापडले आहेत. ऑगस्ट 2012 मध्ये नासाची क्युरिऑसिटी गाडी गेल विवरात उतरली आणि सव्वा महिन्याच्या आसपास तिच्या कॅमेऱ्यात उखडलेल्या कोब्याच्या कडेसारखा एक खडक आला. त्याचं नाव ठेवलं ‘हॉटा’. त्यात घट्ट रुतलेले खडे मोहरीपासून लिंबापर्यंतचे, म्हणजे 2 ते 40 मिलिमीटर, आणि बरेचसे गोल झालेले.

वारा वाळू उडवतो, लिंबाएवढा दगड उडवत नाही. मंगळावरच्या हवेचा दाब तर आपल्याकडच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. म्हणजे हे खडे पाण्यानेच लोटले. किती पाण्याने? खड्यांचा आकार, उतार आणि गुरुत्वाकर्षण (आपल्या 38 टक्के) धरून हिशेब केला तेव्हा पाणी कुठे घोट्याएवढं, कुठे कमरेएवढं निघालं. वेग सेकंदाला 20 ते 75 सेंटिमीटर. थोडक्यात, पावसाळा सरल्यावरचा आपला एखादा व्हाळ, म्हणजे ओढा.

गोल होण्यालाही क्रम असतो. दगडावर दगड आपटतो तेव्हा मार आधी कोपऱ्यांना बसतो. त्यामुळे पहिल्या टप्प्यात कोपरे जातात, पण लांबी-रुंदी जवळजवळ तेवढीच राहते. सगळा गोटा लहान होत जातो तो त्यानंतर. म्हणून नुसत्या बाह्यरेषेवरून झीज काढता येते. फोटोतल्या मंगळी गोट्यांवर 2015 मध्ये हेच गणित केलं. उत्तर आलं, साधारण पाचवा हिस्सा झिजलेला आणि प्रवास सुमारे 50 किलोमीटर. पणजी-मडगाव अंतराची दीडपट! दगड हातात न घेता काढलेला हा आकडा मला अजूनही थोडा जादूचा वाटतो.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या व्हाळात फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाणी उतरल्यावर, गोट्यांचं हे वाचन आपल्यालाही शिकता येतं. पात्रातले वीसेक गोटे उचला आणि जातीप्रमाणे वेगळे करा. चिरा मऊ, म्हणून तो थोड्याच अंतरात गोल होतो आणि लवकरच फुटून संपतो. गारगोटी कठीण, तिचे कोपरे फार वेळ टिकतात. वेगवेगळ्या जातींची तुलना केली की अंतर चुकलंच समजा. चपटे दगड मात्र न उचलता पाहा. ते कौलांसारखे एकमेकांवर रेललेले असतात आणि उचललेली कड पाणी जातं त्या बाजूला असते. पात्र कोरडं असलं तरी न्हंय कुठून कुठे वाहत होती ते कळतं.

नवख्याची खरी फसगत होते ती चिऱ्यातच. जांभा फोडला की काही वेळा आत वाटाण्याएवढे गोल, लोहयुक्त दाणे दिसतात. हे कुठूनही वाहत आलेले नाहीत. मुरलेल्या पाण्यातलं लोह थरावर थर साचून ते जागच्या जागी घडले आहेत. मंगळावरही 2004 मध्ये ऑपॉर्च्युनिटी गाडीला मेरिडियानी मैदानात हेमॅटाइट या लोहखनिजाच्या अशाच काही मिलिमीटरच्या गोळ्या सापडल्या. त्याही भूजलाच्या, नदीच्या नव्हेत. ओळखायचं कसं? गोळ्या सगळ्या एका जातीच्या, साधारण एकाच मापाच्या आणि बारीक खडकात सुट्या सुट्या रुतलेल्या असतात. नदीचा माल सरमिसळ असतो, लहान-मोठा, काळा-गोरा, एकमेकांना खेटलेला आणि मधल्या फटींत वाळू भरलेला. हॉटाची कड अगदी अशीच आहे.